दुसऱ्याच्या हातची आंघोळ

इस्तंबूलला जायचं ठरलं की लोक तीन गोष्टी हमखास सांगतात. आयासोफिया बघा, बाकलावा खा आणि हमाम करा. पहिल्या दोन गोष्टींना फारसा विचार लागत नाही. तिसरीला लागतो. कारण हमाम नुसता 'बघता' येत नाही. तिथे अंगावरचे कपडे काढून, पंचा गुंडाळून, गरम दगडावर आडवं व्हावं लागतं आणि मग एक अनोळखी माणूस आपल्याला घासून काढतं. आपल्याकडे पाहुण्याला "आंघोळीचं पाणी काढू का?" इथपर्यंत विचारतात. पुढचं ज्याचं त्यानं बघायचं असतं.

२०२४च्या ऑक्टोबरमध्ये नवऱ्याच्या कामाच्या निमित्ताने आम्ही इस्तंबूलला गेलो. तो दिवसभर कामात, त्यामुळे शहर हिंडायला मी आणि सासूबाई. मला आधीपासून वाचून ठेवायची खोड आहे. कुठल्या हमामात जायचं हे ठरवताना मी जे वाचत गेले ते हळूहळू आंघोळीपेक्षाही मोठं होऊन बसलं. त्यातलं थोडं इथे लिहून ठेवते. जाणाऱ्यांना उपयोग होईल, न जाणाऱ्यांना निदान गंमत वाटेल.

आधी शब्दाबद्दल. हमाम हा मूळ अरबी शब्द, उष्णतेच्या धातूपासून आलेला. आपल्याला तो अजिबात परका नाही. मुंबईत फोर्टात शेअर बाजाराच्या जवळच्या गल्लीला हमाम स्ट्रीट म्हणतात (पाटीवर आता अंबालाल दोशी मार्ग आहे). दौलताबादच्या किल्ल्यात शाही हमाम आहे. बऱ्हाणपूरला, जिथे १६३१ मध्ये मुमताजमहल वारली, तिथल्या शाही किल्ल्यातला हमाम अजून बघता येतो. आणि टाटांनी १९३१ मध्ये काढलेल्या हमाम साबणाची वडी तर कित्येक घरांच्या न्हाणीघरात होती. म्हणजे शब्द आपल्याकडे आला, राजेरजवाड्यांपुरती इमारतही आली. पण गावातल्या सगळ्यांनी एका छताखाली जाऊन आंघोळ करायची ही पद्धत काही आपल्याकडे रुजली नाही. आपल्याकडे नदी होती, घाट होता, विहीर होती.

तुर्कांकडे ही पद्धत आली ती दोन वाटांनी. एक वाट रोमनांची. रोमन साम्राज्यात सार्वजनिक स्नानगृहं म्हणजे गावाचं अर्धं जीवन. कपडे काढायची खोली, कोमट खोली, गरम खोली, थंड पाण्याचा हौद, जोडीला व्यायामाची जागा. जमिनीखाली पोकळी सोडून त्यात गरम हवा खेळवायची युक्तीही त्यांचीच. कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, ही पूर्व रोमन साम्राज्याची राजधानी. आयासोफियाच्या शेजारीच झ्यूक्सिपस नावाचं प्रचंड स्नानगृह होतं. ५३२ सालच्या निका बंडात ते जळलं, सम्राट जस्टिनियनने पुन्हा बांधलं, आणि पुढच्या शतकांत तिथली आंघोळ बंद पडली.

दुसरी वाट अरबांची. सीरिया-जॉर्डनच्या भागात अरबांना रोमन स्नानगृहं आयती मिळाली. त्यांनी ती उचलली आणि आपल्या धर्माच्या शुद्धीच्या कल्पनेप्रमाणे बदलली. जॉर्डनमधलं कुसैर अम्रा हे आठव्या शतकातलं छोटेखानी स्नानगृह त्या बदलाच्या सुरुवातीचं. इस्लाममध्ये शुद्धीसाठी वाहतं पाणी चांगलं मानतात. साठलेल्या पाण्यात बसून राहणं त्यांना पसंत नव्हतं. त्यामुळे हौद मागे पडला, व्यायामशाळा तर गळूनच गेली. उरलं काय, तर गरम दगड, घाम आणि अंगावर ओतायचं पाणी. इथे मला एकदम घरच्यासारखं वाटलं. टबात डुंबून त्याच पाण्यात साबण धुणं हे आपल्यालाही जरा विचित्रच वाटतं ना? तांब्याने पाणी घेतल्याशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही, हे म्हणणारी माणसं माझ्या घरात दोन तरी आहेत.

१४५३ मध्ये तुर्कांनी शहर घेतलं आणि मग हमाम बांधायचा सपाटा सुरू झाला. ही इमारत कशी चालते ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. पहिला मोठा घुमटी दिवाणखाना कपडे बदलायचा आणि नंतर आराम करायचा. त्याला जामेकान म्हणतात. मग एक मधली कोमट खोली, शरीराला सवय व्हावी म्हणून. आणि सगळ्यात आत गरम खोली. तिच्या मधोमध संगमरवराचा मोठा ओटा, गोबेक ताशी. शब्दशः अर्थ बेंबीचा दगड किंवा पोटाचा दगड. भिंतीच्या कडेने संगमरवरी कुंड्या, त्यांना कुर्ना म्हणतात. कुर्न्याला तळाशी भोक नसतं. वरून पाणी येत राहतं, आपण वाडग्याने घ्यायचं आणि अंगावर ओतायचं. साबणाचा हात किंवा वापरलेलं पाणी कुर्न्यात पडता कामा नये, हा तिथला सोवळ्याइतका कडक नियम.

घुमटाला खिडक्या नसतात. छोटी गोल भोकं पाडून त्यात फुगीर काचा बसवलेल्या असतात. तुर्की लोक त्यांना 'हत्तीचे डोळे' म्हणतात.

उष्णता येते ती मागच्या भट्टीतून. भट्टीला क्युल्हान म्हणतात. पूर्वी तिथे लाकडं जळत. वर तांब्याचा मोठा हंडा, त्यात पाणी तापे (आपल्या बंबाचा थोरला भाऊ म्हणा). आणि धूर व गरम हवा जमिनीखालच्या पोकळीतून फिरून भिंतीतल्या नळ्यांमधून वर जात. त्या पोकळीचं नाव जेहेन्नेमलिक. जहन्नम ओळखलंत ना? म्हणजे ज्या संगमरवरावर आपण सुखाने पसरतो त्याच्या बरोबर खाली नरक. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती. भट्टीच्या उबेला शहरातली अनाथ पोरं येऊन झोपत. त्यांच्यातूनच पुढे 'क्युल्हानबेयी' म्हणजे भट्टीचे दादा असा इस्तंबूलच्या गुंडांसाठी शब्द तयार झाला. श्रीमंतांच्या आंघोळीच्या भिंतीपलीकडे हेही जग होतं.

हे सगळं बांधायला आणि चालवायला पैसा कोण देत होतं? इथे इतिहास फार रंजक होतो. हमाम हे धर्मादायाचं उत्पन्नाचं साधन होतं. एखाद्या सुलतानाने किंवा राणीने मशीद, पाठशाळा, गरिबांसाठी अन्नछत्र काढलं की त्याचा खर्च भागवायला बाजार, दुकानं आणि हमाम लावून द्यायचे. लोक पैसे देऊन आंघोळ करणार आणि त्या पैशातून अन्नछत्रातली चूल पेटणार. आपल्याकडे देवस्थानाला जमीन इनाम देत, तसंच काहीसं.

आणि हे बांधणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने आहेत. सुलेमान सुलतानाची बायको हुर्रेम हिने १५५६ मध्ये जुन्या झ्यूक्सिपसच्या जागेवर, आयासोफियासमोर दुहेरी हमाम बांधून घेतला. वास्तुकार मिमार सिनान. दुहेरी म्हणजे एका बाजूला पुरुषांचा, एका बाजूला बायकांचा, दोन्ही पाठीला पाठ लावून एका रेषेत. लांबी सुमारे ७५ मीटर. दोन्ही भाग अगदी सारखे. हे मुद्दाम सांगते, कारण बऱ्याच दुहेरी हमामांत पुरुषांचं दार मोठ्या रस्त्यावर आणि बायकांचं मागच्या गल्लीत असतं. हुर्रेमची सून नूरबानू हिचा चेंबरलिताश हमाम १५८४चा. त्याचं उत्पन्न उस्क्युदार भागातल्या तिच्या मशिदीच्या आणि धर्मादाय संस्थांच्या खर्चासाठी. एकोणिसाव्या शतकात रस्ता रुंद करताना त्या हमामाचा काही भाग पाडावा लागला. कुठला पाडला असेल? बायकांच्या बाजूचा.

आता हमामातल्या माणसांबद्दल. अंग घासणाऱ्या पुरुषाला तेल्लाक म्हणतात, बाईला नातिर. ही खालच्या पायरीवरची कष्टाची कामं. गावाकडून, फार करून अल्बानिया आणि अनातोलियातून आलेली गरीब माणसं ती करत. त्यातल्या एकाने सुलतानाला खाली खेचलं हे मला वाचेपर्यंत माहीत नव्हतं. पात्रोना हलील हा अल्बेनियन, आधी सैन्यात होता, मग जुने कपडे विकायचा आणि बेयाझितच्या हमामात तेल्लाक होता असं सांगतात. २८ सप्टेंबर १७३० रोजी त्याने मूठभर लोकांसह बंड पुकारलं. युद्धातले पराभव, करांचा बोजा आणि वर दरबाराची बागा-ट्यूलिपांची उधळपट्टी याला लोक वैतागलेले होतेच. काही दिवसांत वजीर मारला गेला आणि सुलतान अहमद तिसरा याला गादी सोडावी लागली. (त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात शनिवारवाड्याची पायाभरणी झाली होती. दोन इतिहास आपण कधी शेजारी ठेवून बघत नाही.) नवा सुलतान झाला महमूद पहिला. नोव्हेंबरात त्याने हलीलला वाड्यात बोलावून मारून टाकलं. पुढे हमामांतल्या अल्बेनियन कामगारांकडे संशयाने बघितलं जाऊ लागलं आणि हमामात कोण कुठून येऊन काम करतं याच्या नोंदी सरकार ठेवू लागलं. उघड्या अंगाने माणसं जमतात तिथे बातम्याही जमतात, हे सरकारला कळलं होतं.

गंमत पुढेच आहे. याच महमूद सुलतानाने १७४१ मध्ये एक मोठा दुहेरी हमाम बांधला. त्याचं उत्पन्न त्याने आयासोफियात काढलेल्या ग्रंथालयासाठी होतं. तो हा जालोलू हमाम. (लिहिताना तुर्की लोक मधे दोनदा ग घालतात आणि बोलताना तो गिळतात.) तेल्लाकाच्या बंडामुळे गादीवर आलेल्या सुलतानाने तेल्लाकांच्या कष्टावर पुस्तकं पोसली. १७६८ मध्ये मुस्तफा तिसरा याने इस्तंबूलमध्ये नवे मोठे हमाम बांधायला बंदी केली, कारण शहराला पाणी आणि लाकूड पुरेना. त्यामुळे जालोलू हा त्या परंपरेतला शेवटचा मोठा हमाम मानला जातो.

त्यानंतरची गोष्ट उताराची. घरोघरी नळ आले, न्हाणीघरं आली, हमाम ओस पडले. ताहताकाले हमाम चीज साठवायचं कोठार झाला. हुर्रेमच्या हमामात विसाव्या शतकात गोदाम होतं, मग २००७ पर्यंत गालिच्यांचं दुकान. आणि मग पर्यटक आले. हुर्रेमचा हमाम दुरुस्त होऊन २०११ मध्ये उघडला. तोफानेजवळचा सिनाननेच बांधलेला किलिच अली पाशा हमाम सात वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०१२ मध्ये. झेयरेकचा चिनिली हमाम, सोळाव्या शतकात बार्बारोसा आरमारप्रमुखासाठी बांधलेला, तर तेरा वर्षांच्या कामानंतर २०२३ मध्ये लोकांसमोर आला. बेयाझितचा तो पात्रोना हलीलचा हमाम आता हमाम-संस्कृतीचं संग्रहालय आहे. तिथे कपडे न काढता सगळं बघता येतं. ज्यांना नुसतं बघायचंच आहे त्यांच्यासाठी ही उत्तम सोय.

तर निवड कशी करायची? माझ्यापुरती मी चार प्रश्नांवर केली.

पहिला प्रश्न, बायकांची व्यवस्था काय? दुहेरी हमाम असेल तर दिवसभर कधीही जा. एकेरी असेल तर वेळा वाटून दिलेल्या असतात. किलिच अली पाशात सकाळपासून दुपारपर्यंत बायका आणि नंतर पुरुष. काही ठिकाणी पर्यटकांसाठी स्त्री-पुरुष एकत्र जाऊ देतात आणि घासणारे पुरुषच असतात. परंपरा तशी नाही. बायकांना बायकांनीच न्हाऊ घालायचं, पुरुषांना पुरुषांनी. हे आधी स्पष्ट विचारून घ्यावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरा, ऐतिहासिक की गल्लीतला? ऐतिहासिक हमाम महाग. भाव बहुतेक युरोत लिहिलेले असतात आणि आधी वेळ ठरवावी लागते. गल्लीतले हमाम बरेच स्वस्त. तिथे मोहल्ल्यातल्या बायका घरून डबा, मुलं, गप्पा घेऊन येतात. पण तिथे तुर्कीशिवाय बोलणं नाही, आणि पुष्कळ ठिकाणी बायकांसाठी आठवड्यातले ठराविकच दिवस. हॉटेलातला हमाम तिसरा पर्याय. तो स्वच्छ असतो, फक्त त्याला दोनशे वर्षांचा घुमट नसतो.

तिसरा, नेमकं काय घ्यायचं? नुसता प्रवेश घेऊन आपली आपण आंघोळ करता येते. त्यावरची पायरी घासणं आणि फेस. तेवढं घ्यावंच, कारण हमाम म्हणजे तेच. त्यापुढे मालिश, मातीचे लेप वगैरे यादी लांबत जाते. ती नसली तरी चालते.

चौथा प्रश्न मात्र यादीत बसणारा नव्हता. सासूबाई येणार का?

त्या ६८ वर्षांच्या, नाशिकच्या. गोदावरीवर हजार माणसांत लुगड्यानिशी बुडी मारून, ओलेत्याने वर येऊन, कोरडं नेसून मोकळ्या होणाऱ्या. त्यांना सार्वजनिक आंघोळीचं नवल नव्हतं. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, पण दुसरीने आंघोळ घालायला मी काय बाळंतीण आहे?"

मी हसले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. खरंच, आपल्याकडे मोठ्या माणसाला दुसऱ्याने आंघोळ घालायचे प्रसंग किती? लहानपणी आई घालते. लग्नात हळदीनंतर घालतात. दिवाळीत पहाटे तेल लावून पाठीला उटणं चोळून देतात. बाळंतपणात सव्वा महिना बाई येते, अंग रगडते, कढत पाणी घालते, शेक देते. मग आजारपण. आणि शेवटचा प्रसंग, तेव्हा आपल्याला काही कळत नसतं. मधली सगळी वर्षं आपण दार लावून आपली आपण आंघोळ करतो.

तुर्की बायकांच्या आयुष्यात हेच प्रसंग हमामात साजरे होत. लग्नाआधी नवरीचा हमाम. बाळंतपणानंतर चाळिसाव्या दिवशी आई-बाळाचा हमाम. चाळीस दिवस! हे मी सांगितल्यावर सासूबाईंची नजर बदलली. "म्हणजे सव्वा महिनाच की गं," त्या म्हणाल्या. शिवाय मुलांच्या आया हमामात बसून सून म्हणून पोरी हेरत, हे कळल्यावर तर त्या खुदकन हसल्या. "मग आम्ही उगाच कांदेपोहे खात बसलो."

लाजेबद्दल आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली. १७१७ मध्ये लेडी मेरी वर्टली माँटेग्यू ही इंग्रज बाई, नवरा तुर्की दरबारात वकील म्हणून चाललेला, त्याच्याबरोबर प्रवास करताना सोफियाच्या बायकांच्या हमामात गेली. आत दोनशेच्या आसपास बायका, विवस्त्र, आणि कुणीही कुणाकडे टवकारून बघत नाही, कुणी हसत नाही, कॉफी पीत गप्पा चालल्यात. त्यांनी हिलाही कपडे काढायचा आग्रह केला. हिने झगा थोडा उघडून आतली कमरेला आवळलेली घट्ट चोळी दाखवली. त्या बायकांना वाटलं, ही पेटी हिच्या नवऱ्याने घालून कुलूप लावलेलं दिसतंय! तिने पत्रात लिहिलं की हमाम म्हणजे बायकांचा कॉफीखाना. (तुर्कस्तानातच तिने देवीची टोचणी बघितली आणि १७१८ मध्ये आपल्या मुलाला टोचून घेतली. आंघोळीपेक्षाही मोठी गोष्ट तिने तिथून नेली.)

तिची ती पत्रं वाचून पुढे फ्रान्समध्ये आंग्र या चित्रकाराने १८६२ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीच्या वर्षी, तुर्की हमामाचं प्रसिद्ध चित्र पुरं केलं. लूव्र संग्रहालयात आहे. नुसत्या गोऱ्या गुळगुळीत मांसल देहांची दाटी. आंग्र कधी तुर्कस्तानला गेलाच नव्हता, आणि गेला असता तरी बायकांच्या हमामात त्याला कोण घेणार होतं? बाईने जे पाहिलं त्यात गप्पा आणि कॉफी होती. पुरुषाने जे कल्पिलं त्यात फक्त देह उरले. आणि आपल्या डोक्यातला हमाम आला तो दुसऱ्या माणसाकडून. जायला जो संकोच वाटतो त्यातला निम्मा तरी या चित्रांनी दिलेला आहे असं मला वाटतं.

"चल, जाऊ," सासूबाई म्हणाल्या. आम्ही जालोलू ठरवला. ग्रंथालयासाठी आंघोळ करायची ही कल्पना मला सोडवेना.

आता तयारी. तिथून परतल्यावर मैत्रिणींनी हेच सगळ्यात जास्त विचारलं, म्हणून नीट लिहिते. भरल्या पोटी जाऊ नये, आणि अगदी उपाशीही नको. जाण्याआधी पाणी भरपूर प्यावं. रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. (सासूबाईंच्या डॉक्टरांशी आम्ही फोनवर बोललो होतो. गरम खोलीत थोडाच वेळ बसा आणि मधेमधे बाहेर या, असं त्यांनी सांगितलं.) उन्हाने कातडी भाजली असेल किंवा त्याच दिवशी केस काढले असतील तर जाऊ नये, कारण घासताना आग होते. दागिने खोलीवर ठेवावेत. मंगळसूत्राचा प्रश्न येतो, तोही आधीच घरी सोडवावा. एक कोरडा अंतर्वस्त्रांचा जोड बरोबर असावा. अंगावर किती कपडे ठेवायचे हे आपल्यावर असतं. बायका बहुतेक खालचं अंतर्वस्त्र ठेवतात. पुरुषांनी मात्र पंचा सोडायचा नाही, ही तिथली रीत आहे.

आणि महत्त्वाचं, अंगाला तेल किंवा क्रीम लावून जाऊ नका. सासूबाईंनी खोबरेल तेलाची बाटली काढली होती. आपलं अभ्यंग म्हणजे आधी तेल, मग उटणं. तिकडे उलट आहे. आधी घाम, मग हातमोज्याने घासणं, मग साबण. तेल असेल तर मोजा सरकतो आणि मळ निघत नाही. "तेलाशिवाय कसली आंघोळ," असं पुटपुटत बाटली परत गेली.

तिथे मिळतं काय, तर पेश्तेमाल म्हणजे चौकटीचौकटीचा पातळ पंचा. लाकडी सपाता, नालिन, आपल्या खडावांच्या नात्यातल्या. पाणी घ्यायला धातूचं वाडगं, त्याचं नाव तास. आणि घासायचा खरखरीत मोजा, केसे. हा केसे म्हणजे कोण माहीत आहे? फारसी 'कीसा', म्हणजे पिशवी. तोच शब्द मराठीत आला आणि खिसा झाला. म्हणजे तिथे आपल्याला खिशाने घासतात. आणि शेवटी जी द्यायची असते ती बहशिश, म्हणजे बक्षीस. ती वेगळी, सुट्या नोटांमध्ये, जिने आंघोळ घातली तिच्या हातात द्यावी.

आत काय झालं ते थोडक्यात. गरम दगडावर पंधरा-वीस मिनिटं पडलो. वरच्या हत्तीच्या डोळ्यांतून उजेडाच्या तिरप्या काठ्या वाफेत उतरत होत्या. बोललं की आवाज घुमतो, म्हणून सगळ्याजणी हळू बोलत होत्या. मग दोन नातिर आल्या. सासूबाईंच्या वाट्याला आलेली पन्नाशीची असावी, भक्कम हातांची. तिने त्यांना हाताला धरून बसवलं आणि म्हणाली, "तेय्झे." मी कानात सांगितलं, "आई, ती तुम्हाला मावशी म्हणतेय." त्या तिच्याकडे बघून हसल्या आणि तिथून पुढे त्यांनी अंग सैल सोडलं.

मोज्याने घासल्यावर कातडीच्या करड्या वळकट्या निघतात. नातिर त्या आपल्याला मुद्दाम दाखवतात, बघ किती मळ होता, अशा थाटात. दोन माणसांत भाषा नसली तरी हा संवाद बरोबर पोचतो. मग कापडी पिशवी साबणाच्या पाण्यात बुडवून, हवेने फुगवून पिळली की अंगावर फेसाचा ढीग पडतो. त्यानंतर वाडग्या-वाडग्याने पाणी. शेवटी तिने सासूबाईंचे केस धुतले. त्या डोळे मिटून, मान खाली घालून बसल्या होत्या. सासरे गेल्याला चार वर्षं झाली. त्यानंतर डॉक्टर आणि नातवंडं सोडली तर त्यांच्या अंगाला कुणाचा हात लागला असेल? हा प्रश्न मला तोपर्यंत पडलाच नव्हता. आम्ही त्यांची औषधं, चष्मा, तपासण्या सगळं बघतो. हे बघत नाही.

बाहेर दिवाणखान्यात टॉवेलात गुंडाळून चहा घेत बसलो. तिथे आंघोळ झालेल्याला एक वाक्य म्हणतात, "सिह्हातलेर ओल्सुन." आरोग्य लाभो. त्यातलं सिह्हात म्हणजे आपल्या ओळखीची सेहत. बराच वेळ काही न बोलता सासूबाई म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणात सखूबाई यायच्या. त्यांचा हात असाच होता. त्यांना दोन साड्या दिल्या होत्या फक्त." पुढे त्या काही बोलल्या नाहीत, आणि बक्षिसाचे पैसे मात्र मी काढले होते त्याच्या दुप्पट करायला लावले.

हमामाचा इतिहास वाचताना सुलतान, राण्या, सिनान यांची नावं मिळतात. घुमट कुणी बांधला, पैसे कुठे गेले, सगळं नोंदलेलं आहे. घासणाऱ्यांपैकी ठळकपणे नाव राहिलं ते पात्रोना हलीलचं, आणि तेही त्याने बंड केलं म्हणून. बाकीचे हजारो हात आले, शतकानुशतकं लोकांच्या पाठी घासून गेले. आपल्याकडेही बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या बायांची नावं त्या त्या घरच्या आठवणीत राहिली तर राहिली. आता शहरात त्याही कमी होत चालल्या आहेत. आमच्या घरात माणसं तीन आणि न्हाणीघरंही तीन आहेत. सोय झाली आहे, ती नको असं मी मुळीच म्हणणार नाही. इस्तंबूलच्या लोकांनाही घरातला नळच आवडला, म्हणून तर हमाम ओस पडले.

पण पाठीचा मधला भाग आपला आपल्याला नीट घासता येत नाही, हे काही न्हाणीघरं वाढवून बदलत नाही. दिवाळीत यंदा सासूबाईंच्या पाठीला उटणं मी लावलं. इतकी वर्षं त्या मला लावायच्या आणि स्वतःचं स्वतः उरकायच्या. या वेळी मी वाटी घेऊन गेले तेव्हा त्यांनी नको म्हटलं नाही. तेल मात्र आधी लावायला लावलं.